आठ छोट्या बाटल्या: पावणेचार महिन्यांच्या बाळाचं एक प्रकरण

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळची ओपीडी संपत आली असताना आजीच्या शालीत गुंडाळलेला पावणेचार महिन्यांचा मुलगा माझ्या टेबलावर आला. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण आईवडिलांना विचारून, ओळख पटेल असे तपशील गाळून लिहिते आहे.

आधी बोलली ती आजी. "बाई, लस टोचली तवापासनं पोरगं असं मलूल पडलंय. सरळ बोलते, राग मानू नका."

राग मानण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी, संक्रांतीनंतरच्या मंगळवारी, बाळाला साडेतीन महिन्यांचा डोस मिळाला होता. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस, डांग्या खोकल्याची त्यातच), न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), पोलिओचं इंजेक्शन आणि तोंडानं पोलिओ, रोटा (जुलाबाची). रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला. तेव्हापासून बाळ दूध पिताना कंटाळतं, प्यायलं की ओकतं, शी होत नाही. कार्डावर डोसाच्या दिवशीचं वजन ६ किलो २०० ग्रॅम लिहिलेलं होतं. माझ्या काट्यावर ५ किलो ६५० भरलं. टाळू खोल गेलेली, ओठ सुकलेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर जात होती. बाळ पुरतं सुकलं होतं.

आणि तेवढ्यात आईनं लंगोट बदलला. तो चिंब होता.

"दिवसातून किती वेळा भिजतो गं?"

"दहा-बारा वेळा तरी, मॅडम. लघवी भरपूर होते, तेवढं एक बरं आहे."

तेच बरं नव्हतं. उलट्यांनी सुकलेलं बाळ लघवी कमी करतं. शरीर पाणी धरून ठेवतं, म्हणून तर आम्ही आईला नेहमी "लघवी किती वेळा?" असं विचारतो. सुकलेलं बाळ भरपूर लघवी करत असेल तर पाणी किडनीतूनच निसटतं आहे, हे उघड होतं. पहिली शंका साखरेची आली. बोटाला टोचून पाहिलं, साखर ९२ निघाली, म्हणजे ठीक.

आजीच्या शंकेलाही मी बाजूला सारलं नाही. रोटाच्या लशीनंतर आतड्यात आतडं शिरून अडकल्याच्या फार क्वचित नोंदी काही देशांत आहेत. त्या बहुतेक पहिल्या-दुसऱ्या डोसानंतरच्या आठवड्यातल्या आहेत. हे तिसऱ्या डोसानंतर पंधरा दिवसांनी आलेलं बाळ होतं आणि शीतून रक्तही नव्हतं. तरी उलट्या करणाऱ्या बाळात ते तपासल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणून लगेच सोनोग्राफी करून घेतली. आतडी व्यवस्थित होती. पण सोनोग्राफी करणाऱ्या सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं, "दोन्ही किडन्यांच्या आतल्या भागात पांढरट छटा दिसते आहे. कॅल्शियम बघून घ्या."

कॅल्शियम १४.६ आलं. या वयात ते ११ च्या आत असायला हवं.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता. बाळाला घरी काय काय देता?

"काही नाही, अंगावरच पितो."

"औषध, टॉनिक, ड्रॉप?"

"औषध नाहीच. ते तुम्ही दिलेलं व्हिटॅमिन तेवढं. ते रोज न चुकता."

वडिलांना मोटरसायकलवर घरी पिटाळलं. बाळाच्या फळीवर जे जे असेल ते सगळं, रिकामं असलं तरी, घेऊन या म्हटलं. तासाभरानं ते प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यात ग्राइप वॉटरची अर्धी बाटली निघाली, घुटीचं पाकीट निघालं, माझ्या ओळखीची ३० मिलीची व्हिटॅमिन डी थेंबांची रिकामी बाटली निघाली. आणि बोटाएवढ्या आठ बाटल्या. सात रिकाम्या, पुतणीच्या भातुकलीसाठी जपून ठेवलेल्या. आठवीत तळाशी दोन मिली शिल्लक. त्या जुन्या मोठ्या बाटलीचा ड्रॉपर, १ मिलीची खूण असलेला, आठव्या बाटलीसोबत रबरानं बांधलेला होता.

छोट्या बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी होती. मी भिंग घेतलं. ५ मिलीत ६०,००० युनिट.

व्हिटॅमिन डी मोजायचं माप म्हणजे युनिट. बाळाला रोज ४०० युनिट लागतात. मी नेहमी देते त्या थेंबांत १ मिलीत तेवढेच असतात. ही छोटी बाटली मोठ्या माणसांची. बहुतेकदा आठवड्यातून एक, तीही काही आठवडेच घ्यायची. तिच्या १ मिलीत १२,००० युनिट, म्हणजे रोजच्या गरजेच्या तीसपट. बाळाच्या थेंबांच्या पहिल्या दोन मोठ्या बाटल्या नेहमीच्या मेडिकलमधून आल्या होत्या. त्या संपल्यावर, डिसेंबरअखेरीस, काकानं कामावरून येताना दुसरीकडून या छोट्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "हेच ते, डी व्हिटॅमिनच, फक्त कंपनी वेगळी." ड्रॉपर जुनाच, खूण जुनीच, आईनं रोज अंघोळीनंतर १ मिली दिलं. आठ बाटल्यांचे चाळीस मिली, त्यातले दोन उरलेले. अडतीस दिवस. ४ लाख ५६ हजार युनिट. रोजच्या ४०० च्या हिशेबानं तीन वर्षांहून जास्त पुरेल एवढं त्या पोटात सव्वा महिन्यात गेलं होतं.

आईच्या मोबाइलमध्ये माझ्या चिठ्ठीचा फोटो होता. काकानं दुकानात तोच दाखवला होता. माझ्या अक्षरात लिहिलं होतं: "व्हिटॅमिन डी ड्रॉप्स, रोज १ मिली." किती युनिटचे, ते लिहिलेलंच नव्हतं. दुकानदाराची चूक झाली, पण त्या चुकीला वाट माझ्या चिठ्ठीनं करून दिली होती. हे मी त्या रात्रीच आईवडिलांना सांगितलं.

व्हिटॅमिन डीचं काम अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घेणं. ते अति झालं की रक्तात कॅल्शियम साचतं. मग किडनीला पाणी राखता येत नाही, म्हणून लघवी भरपूर आणि बाळ सुकलेलं. आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून बद्धकोष्ठ आणि उलट्या. बाळ मलूल पडतं. जास्तीचं कॅल्शियम किडनीत बसायला लागतं, सोनोग्राफीतली पांढरट छटा ती. सी किंवा बी व्हिटॅमिन जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. डी चरबीत साठतं. बाटली आज बंद केली तरी अंगातलं डी आठवडेच्या आठवडे रक्तात उतरत राहतं.

त्या रात्री नॉर्मल सलाईन सुरू केलं, पाणी भरून आल्यावर लघवीवाटे कॅल्शियम बाहेर काढणारं इंजेक्शन आणि स्टेरॉइड. तिसऱ्या दिवशीही कॅल्शियम १३.१ होतं, तेव्हा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं हाडांतून कॅल्शियम सुटणं थांबवणारं पामिड्रोनेट द्यावं लागलं. व्हिटॅमिन डीचा अहवाल मागाहून आला: १५० च्या वर, त्यापुढे ते यंत्र मोजतच नाही. नवव्या दिवशी कॅल्शियम १०.८ वर आलं आणि बाळ जोरात रडून दूध मागायला लागलं. अंगावरचं दूध या काळात एक दिवसही बंद केलं नाही.

तारीख कुठली आधीची

बाळ पुण्याला असताना आजी दवाखान्यात येऊन बसली. "बाटलीचं कळलं बाई. पण सुरुवात लशीनंच झाली ना?"

मी फोन उघडला. आईनं मला पाठवलेला मेसेज त्यात होता: "मॅडम तीन दिवस शी नाही केली." अंगावर पिणाऱ्या बाळाला चार-पाच दिवस शी झाली नाही तरी बहुतेकदा ते ठीक असतं, तसं मी कळवलं होतं. हे उत्तर शंभरातल्या नव्व्याण्णव बाळांना लागू पडतं. या बाळाला पडलं नाही. मेसेजची तारीख आजीला दाखवली आणि शेजारी लसीकरणाचं कार्ड ठेवलं. मेसेज लशीच्या चार दिवस आधीचा होता.

आजी बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सुई डोळ्यांनी दिसली. थेंब कुणाला दिसतोय."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. लशीची तारीख कार्डावर असते, बाळ रडतं, रात्री ताप येतो, सगळं घर जागं राहतं. पुढच्या महिन्याभरात काहीही झालं तरी बोट त्या तारखेकडे जातं. पहिल्या वर्षात तर लशीच्या तारखा इतक्या जवळजवळ येतात की कुठलंही दुखणं कुठल्या तरी लशीच्या पाठोपाठ येणारच. रोज प्रेमानं दिला जाणारा थेंब मात्र औषधात मोजलाच जात नाही.

तरीही लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना म्हणून मी हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना रीतसर कळवलं. लशीनंतर बाळ दवाखान्यात दाखल झालं आणि घरच्यांना लशीचा संशय असला की नोंद व्हायलाच हवी, डॉक्टरचं मत काहीही असो. चौकशीत लशीचा संबंध नाही, योगायोग, असं ठरलं. असं कागदोपत्री ठरणं गावासाठी मोलाचं असतं.

अंगणवाडीतली दुपार

पण गावात बातमी आधीच पोचली होती. "लशीनं पोरगं पुण्याला न्यावं लागलं." फेब्रुवारीच्या लसीकरण सत्राला वस्तीवरच्या चार आया आल्या नाहीत. आशाताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, घरोघर बोलणी खाल्ली होती त्यांनी. मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, त्या बाटल्या घेऊन चला. मी पण येतो."

अंगणवाडीत सतरंजीवर त्या आठ बाटल्या मांडल्या, शेजारी ३० मिलीची मोठी बाटली. वडिलांनी स्वतः सगळी हकिगत सांगितली. मी काही भाषण केलं नाही. बायका विचारत गेल्या, मी सांगत गेले.

पहिला प्रश्न अपेक्षितच होता: मग हे व्हिटॅमिन द्यायचंच कशाला? आम्ही कोवळ्या उन्हात धरतो की. आईच्या दुधात सगळं असतं, पण व्हिटॅमिन डी फार थोडं असतं. कोवळं ऊन उबेला छान, पण कातडीत डी तयार करणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात कमी असतात, ते उन्हं वर आल्यावर मिळतात. तेव्हा कुणी तान्ह्याला उघडं धरत नाही, धरूही नये. म्हणून जन्मल्यापासून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिट. बाटली बदलली की १ मिलीत किती, ते बघायचं. काही थेंबांत १ मिलीला ८०० असतात, तिथं अर्धा मिली. वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवायचं. आणि ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरायचा.

एकीनं दात लवकर येण्यासाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि बाटली पिशवीतून काढली. दात आपल्या वेळेला येतात. सहा महिन्यांच्या बाळाला दूध आणि वरचं खाणं नीट असेल तर वेगळ्या कॅल्शियमची गरज नसते. ग्राइप वॉटरचा उपयोग नाही. घुटीबद्दल मी सावकाश बोलले, कारण ती आजीच्या हातची असते आणि तिच्यामागे माया असते. पण सहा महिने आईच्या दुधाशिवाय आणि डॉक्टरनं सांगितलेल्या औषधाशिवाय काही नको. सहाणेवर वेखंड किती उगाळलं जातं, हे कुणी मोजत नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये, त्यातल्या जिवाणूच्या बीजांनी तान्ह्याचे स्नायू लुळे पडू शकतात.

ज्याची खरी गरज आहे ते मात्र घरोघर पडून राहतं. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध आशाताई देतात. शी काळी होते म्हणून आया बंद करतात. काळी होणारच, ते लोह आहे. बाळंतिणीनं स्वतःच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या, पण दोन्ही एका वेळी नाही. कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. लोहाची बाटली मात्र उंचावर ठेवायची. मोठ्या भावंडानं गोड म्हणून ती पिऊन टाकली तर जिवावर बेतू शकतं.

मग लशींकडे गाडी वळली. एवढ्या लशी एकदम दिल्या तर बाळाची ताकद कमी होत नाही का? त्या वेळी माझं लक्ष आजीच्या दंडाकडे गेलं. बाही वर करायला सांगितलं. तिथं देवीच्या लशीचा जुना वण होता, रुपयाएवढा, सुरकुतलेला. त्या एका लशीत सुमारे २०० प्रकारची प्रथिनं होती. आजच्या बहुतेक लशींत त्याहून खूप कमी असतात; अख्ख्या जंतूंच्या लशींत जास्त असतात, पण बाळाच्या ताकदीला तोही भार मोठा नाही.  रांगतं बाळ जमिनीवरून उचलून तोंडात घालतं त्यात याहून जास्त जंतू असतात. भारतातली पहिली देवीची लस आपल्याच मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली होती. देवीचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. पुढे ती लस बंद झाली, म्हणून आजीच्या दंडावर वण आहे आणि सुनेच्या दंडावर देवीचा वण नाही.

"मग बाकीचे रोगही गेलेत की," एक तरुण आई म्हणाली. गेले नाहीत, दबले आहेत. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवर उसळला आणि मुलं दगावली. करोनाच्या काळात चुकलेले डोस हे त्याचं मोठं कारण होतं. घटसर्प अजून भारतात आहे. डांग्या खोकल्याचं दोन महिन्यांचं बाळ मी स्वतः पाहिलं आहे. खोकून खोकून निळं पडत होतं, त्याच्या आईला तो आवाज आजही आठवत असेल.

पुण्याला नवरा असलेल्या एकीनं विचारलं, सरकारी लस हलकी आणि खासगीतली बिनतापाची भारी, खरं का? डांग्या खोकल्याच्या जुन्या लशीत अख्खे मारलेले जंतू असतात, म्हणून ताप आणि मांडी दुखणं जास्त. बिनतापाच्या लशीत जंतूचे निवडक भाग असतात, ताप कमी येतो, पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. सरकारी लस हलकी नाही, आणि तिनं येणारा ताप एक-दोन दिवसांत जातो. त्याला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. पॅरासिटामॉलचीही गोष्ट व्हिटॅमिनसारखीच आहे. थेंबांत १ मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, पातळ औषधात ५ मिलीत १२० किंवा २५० असतं. चमच्याचं माप ड्रॉपरला लावलं की घोटाळा झालाच. टोचलेल्या जागेवर शेक नको, चोळणं नको, ओली गार घडी ठेवावी. साधी सर्दी असेल तर लस चुकवायची नाही. चुकलीच तर पहिल्यापासून सुरू करायची नसते, जिथं राहिली तिथून पुढे.

सगळ्यात अवघड प्रश्न बाळाच्या काकूनं विचारला. तिची सव्वा वर्षाची मुलगी, त्या भातुकलीची मालकीण. "लशीबरोबर ते ए व्हिटॅमिन पाजतात. ते पण लाखातलं असतंय म्हणे. आता मला भ्या वाटतं." तिचं भय रास्त होतं. आकडा खरंच मोठा आहे: नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर १ लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास २ लाख, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. पण ए आणि डीची युनिटं वेगळी, त्यांची तुलना होत नाही. ए यकृतात साठतं आणि मधल्या सहा महिन्यांत थोडं थोडं वापरलं जातं, म्हणूनच ते सहा महिन्यांतून एकदा देतात. आरोग्यसेविका बाटलीसोबत आलेल्या चमच्यानं, १ आणि २ मिलीच्या खुणेवर मोजून पाजते आणि कार्डावर लिहिते. धोका तेव्हाच, जेव्हा कुणी ते कार्डावर न लिहिता दुसरीकडूनही पाजेल. आणि ए व्हिटॅमिन गोवर अडवत नाही, ते काम लशीचंच. गोवर झालाच तर डोळे आणि जीव वाचवायला ते मदत करतं.

मार्चच्या सत्राला त्या चारपैकी तीन आया आल्या. चौथीकडे आशाताई पुन्हा गेल्या, ती एप्रिलमध्ये आली.

पुढचं

घरी आल्यावर आई महिनाभर बाळाला कसलाही थेंब द्यायला धजत नव्हती. "माझ्याच हातानं दिलं," एवढंच म्हणायची. तू चिठ्ठीत लिहिलेलं मापून दिलंस, चिठ्ठी अपुरी होती, हे मी तिला प्रत्येक भेटीत सांगत राहिले. कॅल्शियम पहिले दोन महिने दर आठवड्याला तपासलं. एकदा ते ११.४ वर चढलं, पुन्हा उतरलं. व्हिटॅमिन डी बंदच आहे, नऊ महिन्यांच्या तपासणीतही ते अंगात पुरेसं होतं.

माझ्या दवाखान्यात आता चिठ्ठीवर शिक्का मारतो: "१ मिलीत ४०० युनिट. दुसरी बाटली दिल्यास आधी फोन करा." लसीकरणाला येणाऱ्या प्रत्येक आईला घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगतो. पहिल्याच महिन्यात तीच छोटी बाटली आणखी एका पिशवीत सापडली, न उघडलेली.

जुलैच्या मध्यावर मुलाला नऊ महिने पुरे झाले. आषाढातला पाऊस होता, आजीनं त्याला इरल्याखाली धरून अंगणवाडीत आणलं. गोवर-रुबेलाची लस झाली. आरोग्यसेविकेनं व्हिटॅमिन एची बाटली उघडली तेव्हा आईनं ती हातात मागून घेतली, लेबल वाचलं, चमच्यावरची खूण पाहिली, मग बाळाचं तोंड उघडलं. वजन ८ किलो १०० भरलं. किडन्यांमधली छटा सहाव्या महिन्यापेक्षा फिकी आहे, पूर्ण गेलेली नाही. पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे.